दिल्लीचे सरकार एका मताने पडते, गावचा सरपंच पडत नाही

अविश्वास ठराव हा शब्द गावात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पाच-सहा सदस्य एका गाडीत बसून देवदर्शनाला गेले आणि चार दिवस फोन उचलेनात, की पारावर बसलेला म्हातारासुद्धा ओळखतो, सरपंचावर काहीतरी शिजतंय. तहसील कचेरीत कागद पडला की गावातल्या हॉटेलात बाकी सगळे विषय बंद. कोण कुठे आहे, कुणाला कोण भेटला, कोण फुटणार, याचाच हिशेब.

हाच शब्द दिल्लीहून किंवा मुंबईहून कानावर आला, की आपण तोच हिशेब तिकडे लावतो. तिथेही माणसेच आहेत, त्यामुळे तो पुष्कळसा बरोबरही येतो. पण नियम वेगळे आहेत. ते वेगळे का आहेत हे सरपंच, सदस्य, ग्रामपंचायतीचे अधिकारी आणि मत देणारा शेतकरी या सगळ्यांनी एकदा नीट समजून घेण्यासारखे आहे. सरकार पडले की कर्जमाफीचे काय, अनुदानाचे काय, हा प्रश्न शेवटी आपल्याच बांधावर येतो.

राज्यघटनेच्या ७५ व्या कलमात एक छोटेसे वाक्य आहे. मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार राहील, एवढेच ते म्हणते. अविश्वास ठराव हा शब्द घटनेत या ठिकाणी नाही. तो लोकसभेच्या कामकाजाच्या नियमांत आहे, नियम क्रमांक १९८. एखाद्या खासदाराने सकाळी दहाच्या आत लेखी सूचना द्यायची. सभापती सभागृहात विचारतात, कोण कोण या सूचनेच्या बाजूने आहे? पन्नास खासदार उभे राहिले तर ठराव दाखल झाला. मग दहा दिवसांच्या आत चर्चेचा दिवस ठरवावा लागतो. कारण लिहून द्यावे लागत नाही. ‘या सभागृहाचा मंत्रिमंडळावर विश्वास नाही’ एवढे एक वाक्य पुरते.

मतदानाच्या वेळी जे हजर राहून मत देतील त्यांच्यातले बहुमत मोजले जाते. ठराव मंजूर झाला तर एकटा पंतप्रधान जात नाही, सगळे मंत्रिमंडळ जाते. कृषिमंत्र्याने कितीही चांगले काम केलेले असो, तोही जातो. सामुदायिक जबाबदारी म्हणतात ती हीच. राज्यसभेला यात काही हक्क नाही. राज्यातही तसेच आहे, १६४ व्या कलमाप्रमाणे मुख्यमंत्री आणि मंत्री विधानसभेला जबाबदार, विधान परिषदेला नाहीत.

अठ्ठावीस ठराव, मंजूर एकही नाही

आता एक गंमत. देश स्वतंत्र झाल्यापासून २०२३ पर्यंत लोकसभेत अठ्ठावीस अविश्वास ठराव चर्चेला आले. त्यातले पंधरा एकट्या इंदिरा गांधींच्या सरकारांवर. मंजूर झालेला त्यात एकही नाही. तरी सरकारे पडली आहेत, आणि चांगली धडाधड पडली आहेत. ती कशी, हे पुढे येईलच.

पहिला ठराव आला ऑगस्ट १९६३ मध्ये. आदल्या वर्षी चीनकडून मार खाल्लेला. सक्तीची बचत योजना आणि सोनेनियंत्रण यांनी लोक वैतागलेले. आचार्य कृपलानी यांनी पंडित नेहरूंच्या सरकारवर ठराव मांडला. बाजूने ६२ मते पडली, विरोधात ३४७. निकाल काय लागणार हे मांडणाऱ्यालाही ठाऊक होते. मग मांडला कशाला? तर चार दिवस सरकारला सभागृहात बसून ऐकावे लागले म्हणून. डॉ. राममनोहर लोहिया नुकतेच पोटनिवडणुकीत निवडून आले होते. देशातली सत्तावीस कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात, असा हिशेब त्यांनी त्या दिवसांत लोकसभेपुढे ठेवला. सरकार म्हणाले, पंधरा आणे. तीन आणे की पंधरा आणे, हा वाद देशभर गाजला. गरिबी मोजायची कशी यावर संसदेत इतके खुलेपणाने भांडण त्याआधी क्वचितच झाले असेल. पडलेल्या ठरावानेही असे काही काम होते.

२०१८ मध्ये तेलुगू देसमच्या खासदाराने आणलेला ठराव १२६ विरुद्ध ३२५ असा पडला. २०२३ मध्ये मणिपूरच्या प्रश्नावर गौरव गोगोई यांनी आणलेला ठराव आवाजी मतदानाने पडला. दोन्ही वेळा आकडे आधीच माहीत होते. सरकारला बोलायला लावणे एवढाच हेतू होता आणि तो थोडाफार साधला.

१९७९ चा पावसाळा

ज्या ठरावाने खरे काम केले तो मात्र मतदानापर्यंत गेलाच नाही, आणि तो मांडणारा आपल्याच मातीतला माणूस होता.

जुलै १९७९. जनता पक्षाचे सरकार, मोरारजी देसाई पंतप्रधान. अधिवेशन सुरू झाले आणि यशवंतराव चव्हाण विरोधी पक्षनेते झाले. दुसऱ्याच दिवशी, ११ जुलैला, त्यांनी अविश्वास ठराव मांडला. चव्हाणांच्या बाजूला सरकार पाडण्याएवढी माणसे नव्हती. पण जनता पक्ष आतून पोखरलेला होता. मोरारजी आणि चौधरी चरणसिंग यांचे पटत नव्हते, जुन्या जनसंघवाल्यांच्या दुहेरी सदस्यत्वाचा वाद होता. राजनारायण आधीच बाहेर पडले होते. ठराव मांडला आणि खासदार रोज गळू लागले. जॉर्ज फर्नांडिस यांनी १२ जुलैला सरकारच्या बाजूने मोठे जोरदार भाषण केले आणि पुढच्या काही दिवसांत तेच सरकारातून बाहेर पडले. असले दृश्य आपण पंचायतीत पाहतो तेव्हा म्हणतो, खालच्या पातळीचं राजकारण! ते वरच्या पातळीवरही असेच चालते.

१५ जुलैला मोरारजींनी मतदान होण्याआधीच राजीनामा दिला. ठराव तिथेच राहिला.

पुढे जे झाले ते शेतकऱ्याने लक्षात ठेवावे. चरणसिंग म्हणजे शेतकऱ्यांचे नेते, उत्तर प्रदेशात जमीनदारी मोडण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा. २८ जुलैला ते पंतप्रधान झाले, यशवंतराव त्यांचे उपपंतप्रधान. बाहेरून पाठिंबा इंदिरा गांधींचा. लोकसभेत बहुमत सिद्ध करायचे त्याच्या आदल्या दिवशी तो पाठिंबा काढून घेतला गेला. २० ऑगस्टला चरणसिंगांनी राजीनामा दिला. लोकसभेला एक दिवसही तोंड न देता गेलेले ते एकमेव पंतप्रधान. शेतकऱ्याचा माणूस दिल्लीच्या सर्वांत वरच्या खुर्चीवर बसला आणि त्याला सभागृहात एक वाक्य बोलता आले नाही. लोकसभा बरखास्त झाली, जानेवारी १९८० मध्ये निवडणूक झाली, आणि तोवर तेच काळजीवाहू म्हणून राहिले. त्या वर्षी देशात मोठा दुष्काळ होता. दुष्काळाच्या वर्षात पूर्ण ताकदीचे सरकार नव्हते.

काळजीवाहू हा शब्दही घटनेत नाही, हे इथेच सांगितलेले बरे. तो संकेत आहे. हरलेले सरकार रोजचा गाडा हाकते, पगार देते, मंजूर झालेल्या योजना चालू ठेवते. मोठा नवा निर्णय त्याने घेऊ नये अशी अपेक्षा असते. पण अपेक्षाच. १९९९ मध्ये हरलेल्या वाजपेयी सरकारने दूरसंचार कंपन्यांच्या परवाना शुल्काची पद्धतच बदलली, त्यावर बरीच टीका झाली.

सरकार पडले म्हणून आधीचे शासन निर्णय रद्द होत नाहीत, हेही गावात अनेकांना माहीत नसते. विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारने १९९० मध्ये दहा हजार रुपयांपर्यंतच्या कृषिकर्जाची सवलत आणली. भाजपने पाठिंबा काढल्यावर ते सरकार ७ नोव्हेंबर १९९० रोजी विश्वासदर्शक ठराव हरले. कर्जसवलत त्या रात्री रद्द झाली नाही. नव्या सरकारला ती बदलायची तर त्यासाठी वेगळा निर्णय करावा लागतो. तेव्हा ‘सरकार गेलं, आता अनुदान बुडालं’ असे कुणी बँकेत किंवा सोसायटीत सांगितले तर कागद मागावा.

एक मत

विश्वासदर्शक ठराव हा अविश्वास ठरावाचा उलटा कागद. तो सरकार स्वतः मांडते. विरोधक म्हणतात तुझ्यावर विश्वास नाही, तो अविश्वास. सरकार म्हणते माझ्यावर विश्वास आहे की नाही ते सांगा, तो विश्वासदर्शक. बहुतेक वेळा राष्ट्रपती किंवा राज्यपालांनी सांगितल्यावर तो मांडला जातो. लोकसभेत सरकारे हरली ती याच वाटेने. १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंग. एप्रिल १९९७ मध्ये देवेगौडा, १५८ विरुद्ध २९२. आणि १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी.

वाजपेयींची हार गणिताच्या दृष्टीने अजोड आहे. जयललितांच्या अण्णाद्रमुकने पाठिंबा काढला, त्यांचे १८ खासदार गेले. राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी वाजपेयींना बहुमत दाखवायला सांगितले. बहुजन समाज पक्ष तटस्थ राहील असा सरकारचा समज होता. त्यांनी ऐनवेळी विरोधात मते दिली. नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोझ यांनी पक्षाचा आदेश मोडून सरकारविरोधात मत दिले, पक्षाने त्यांना काढून टाकले. तिसरा घोळ गिरिधर गमांग यांचा. ते दोन महिन्यांपूर्वी ओरिसाचे मुख्यमंत्री झाले होते, पण खासदारकीचा राजीनामा दिलेला नव्हता. कायद्याने त्यांना तशी मुदत होती. मुख्यमंत्री असलेल्या माणसाने लोकसभेत मत द्यावे का? सभापती बालयोगी यांनी ते त्यांच्या सदसद्विवेकावर सोडले. गमांग यांनी मत दिले, सरकारविरोधात.

फलकावर आकडे उमटले. बाजूने २६९, विरोधात २७०.

एका मताने देशाचे सरकार गेले. आणि ज्यांनी पाडले त्यांना दुसरे उभे करता आले नाही. सोनिया गांधींनी दावा केला, मुलायमसिंगांनी पाठिंबा दिला नाही. लोकसभा बरखास्त झाली. कारगिलची लढाई हरलेल्या सरकारने लढली. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निवडणुका झाल्या आणि वाजपेयीच परत आले. म्हणजे सहा महिने, एक निवडणूक आणि तिचा सगळा खर्च, एवढे करून गाडी होती तिथेच आली. आपल्याकडेही युती सरकारने विधानसभा मुदतीआधी विसर्जित करून लोकसभेबरोबरच निवडणूक घेतली, त्यात मात्र सरकार बदलले.

पाडणाऱ्याकडे पुढचा माणूस तयार असायला नको का, असा साधा प्रश्न इथे येतो. जर्मनीने त्याचे उत्तर आपल्या घटनेतच लिहून ठेवले आहे. तोही आपल्यासारखाच राज्यांचा संघ. त्यांच्या संसदेला सरकार पाडायचे असेल तर त्याच ठरावात नव्या चॅन्सेलरचे नाव द्यावे लागते, आणि त्याला एकूण सदस्यसंख्येचे बहुमत लागते. नुसता ‘हा नको’ असा ठराव चालत नाही, ‘हा नको, तो हवा’ असा लागतो. १९८२ मध्ये हेल्मुट श्मिट यांना काढून हेल्मुट कोल आले ते असे, एकाच मतदानात. त्याआधी १९७२ मध्ये विली ब्रांट यांच्यावर आलेला ठराव दोन मतांनी हुकला होता. मतदान गुप्त होते. पुढे बऱ्याच वर्षांनी उघड झाले, की पूर्व जर्मनीच्या हेरखात्याने त्यात पैसे देऊन मत फिरवले होते. तेव्हा जर्मन नियमाने सरकार अधांतरी राहत नाही हे खरे, मत विकले जाणार नाही याची हमी मात्र त्यातही नाही. आपल्या विधी आयोगाने १९९९ च्या अहवालात अशाच धर्तीची शिफारस केली होती. ती अमलात आली नाही.

पैशाचा विषय निघालाच आहे. जुलै १९९३ मध्ये नरसिंह राव यांचे सरकार २५१ विरुद्ध २६५ असे वाचले. झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांनी पैसे घेऊन सरकार वाचवले असा आरोप झाला, प्रकरण कोर्टात गेले. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन असा निकाल दिला, की लाच घेऊन ज्याने सभागृहात मत दिले त्या खासदाराला घटनेचे संरक्षण आहे, त्याच्यावर खटला चालणार नाही. तलाठ्याने सातबाऱ्यासाठी शंभर रुपये घेतले तर तो निलंबित, आणि इकडे हे! तो निकाल फिरायला २०२४ साल उजाडले. ४ मार्च २०२४ रोजी सात न्यायाधीशांनी एकमताने सांगितले, लाचेला संरक्षण नाही, सभागृहात मत दिले असले तरी नाही. मधल्या काळात, जुलै २००८ मध्ये, मनमोहनसिंग सरकारच्या विश्वासदर्शक ठरावाच्या दिवशी खासदारांनी लोकसभेतच नोटांची बंडले काढून दाखवली होती. सरकार २७५ विरुद्ध २५६ असे वाचले.

राजभवनात मोजणी नको

आपला देश राज्यांचा संघ असल्यामुळे यात एक वेगळीच भानगड आहे. दिल्लीचे सरकार पडले तरी राज्याचे पडत नाही, दोन्हींची मुळे वेगळी. पण दिल्लीला राज्याचे सरकार घालवता येत होते, ३५६ व्या कलमाने, राष्ट्रपती राजवट लावून. आणि ते मुक्तपणे वापरले गेले. १९५९ मध्ये केरळात नंबुद्रिपाद यांचे सरकार बहुमत असताना घालवले. १९७७ मध्ये जनता सरकारने नऊ राज्यांची काँग्रेस सरकारे घालवली. फेब्रुवारी १९८० मध्ये इंदिरा गांधींनी परतफेड केली, तीही नऊच. त्यात शरद पवारांचे पुलोद सरकार होते. विधानसभेत ते कोणताही ठराव हरलेले नव्हते.

हा खेळ थांबला कर्नाटकच्या बोम्मई प्रकरणामुळे. एप्रिल १९८९ मध्ये एकोणीस आमदारांची पत्रे राज्यपालांकडे गेली, आमचा पाठिंबा नाही म्हणून. त्यातल्या काहींनी लगेच फिरवले, आम्ही असे लिहिलेच नाही. बोम्मई म्हणाले, सभागृह बोलवा, मी बहुमत दाखवतो. राज्यपालांनी ऐकले नाही, सरकार बरखास्त. ११ मार्च १९९४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो आजही पाया आहे. बहुमत आहे की नाही ते सभागृहात मोजायचे, राजभवनाच्या दिवाणखान्यात नाही. बोम्मईंना त्यांचे पद परत मिळाले नाही, पण पुढच्यांना वाट मिळाली.

फेब्रुवारी १९९८ मध्ये उत्तर प्रदेशात राज्यपालांनी कल्याणसिंगांना काढून जगदंबिका पाल यांना शपथ दिली. हायकोर्टाने कल्याणसिंगांना परत बसवले. एका राज्याला दोन दावेदार. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, दोघांनाही एकाच सभागृहात बसवा आणि मते मोजा. कल्याणसिंगांना २२५, पाल यांना १९६. भांडण मिटले. बांधाचा वाद मोजणीशिवाय मिटत नाही, तसेच हे.

आपल्या राज्यातले ताजे आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये पहाटेच्या शपथविधीनंतर सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उघड मतदानाने बहुमत दाखवायला सांगितले, फडणवीसांनी त्याआधीच राजीनामा दिला. जून २०२२ मध्ये राज्यपालांनी उद्धव ठाकरे यांना बहुमत सिद्ध करायला सांगितले. न्यायालयाने स्थगिती दिली नाही, आणि त्याच रात्री ठाकरे यांनी राजीनामा दिला. ११ मे २०२३ च्या निकालात न्यायालय म्हणाले, राज्यपालांनी बहुमत चाचणी सांगणे योग्य नव्हते. पण तुम्ही चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिलात, आता तुम्हाला परत बसवता येत नाही. राजकीय बाजू कुणाची काहीही असो, कायद्याचा धडा सरळ आहे. मतदानाआधी दिलेला राजीनामा परत मिळत नाही.

आता गावाकडे

हे शेवटचे सरपंचांनी विशेष ध्यानात घ्यावे. नोटीस आली की रागाच्या भरात राजीनामा लिहून देणारे बरेच असतात. अडचण अशी, की गावचा नियम सरपंचाला दिल्लीपेक्षा कितीतरी जास्त संरक्षण देतो, आणि ते न वापरताच माणूस खुर्ची सोडतो.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८, कलम ३५. एकूण सदस्यांपैकी किमान एक तृतीयांश सदस्यांनी सही करून तहसीलदारांकडे नोटीस द्यायची. सरपंचाकडे किंवा ग्रामसेवकाकडे देऊन उपयोग नाही. (ग्रामसेवकांचे पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झाले, पण गावात जुनेच नाव चालते.) सात दिवसांच्या आत तहसीलदार खास सभा बोलावतात आणि स्वतः अध्यक्षस्थानी बसतात. सरपंचाला त्या सभेत बोलण्याचा हक्क आहे, मत देण्याचाही.

खरा फरक मोजणीत आहे. लोकसभेत हजर राहून मत देणारे मोजतात. समजा चारशेच खासदारांनी मत दिले, तर २०१ मतांनी सरकार जाते. म्हणून तिथे आजारी खासदारालाही उचलून सभागृहात आणतात. पंचायतीत तसे नाही. सभेला बसण्याचा आणि मत देण्याचा हक्क असलेले एकूण सदस्य धरायचे आणि त्यांच्या दोन तृतीयांश मते ठरावाच्या बाजूने पडली पाहिजेत. नऊ सदस्य असतील तर नोटिशीवर तीन सह्या पुरतात, पण ठराव मंजूर व्हायला सहा मते लागतात. पाच मते पडली, विरोधात एकही नाही, बाकी चौघे सभेला आलेच नाहीत, तरी ठराव पडला. म्हणजे घरी झोपलेला सदस्य सरपंचाच्याच बाजूने धरला जातो. त्यामुळे आपल्याकडच्या सहली दोन प्रकारच्या. विरोधक नेतात ते आपली माणसे राखायला. सरपंचाचा गट नेतो तो एखाद्याला त्या दिवशी गावातच येऊ द्यायचा नाही म्हणून. सात सदस्यांच्या पंचायतीत पाच मते लागतात, अकरांच्या पंचायतीत आठ. अपूर्णांक आला की वरचा आकडा धरायचा.

सरपंचपद महिलेसाठी राखीव असेल आणि त्यावर महिला असेल तर दोन तृतीयांश नव्हे, तीन चतुर्थांश मते लागतात. नऊमध्ये सात. ही तरतूद उगीच आलेली नाही. आरक्षणाने बाई खुर्चीवर आली, तिने सही करण्याआधी कागद वाचायला सुरुवात केली, की ‘विश्वासात घेत नाहीत’ हे कारण लिहून नोटीस तयार, असा अनुभव गावोगावचा आहे. विश्वासात घेत नाहीत म्हणजे बिलावर विचारतात, एवढाच त्याचा अर्थ पुष्कळदा असतो. दिल्लीत कारण लिहावे लागत नाही, गावच्या नोटिशीत लिहावे लागते. ते कारण ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवायला सह्या करणारे तयार आहेत का, हे लोकांनी विचारायला हरकत नाही.

आणखी एक फरक. खासदार-आमदारांना १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे. पक्षाचा आदेश मोडून मत दिले तर पद जाऊ शकते. २००३ पर्यंत एक तृतीयांश फुटले तर चालत होते, ती पळवाटही घटनादुरुस्तीने बंद झाली. ग्रामपंचायतीच्या निवडणुका पक्षचिन्हावर होत नाहीत, त्यामुळे तिथे पक्षादेश नाही. सदस्य कुणाशीच बांधलेला नसतो. हे चांगले की वाईट? आमच्या मते चांगलेही आहे. त्याला वॉर्डातल्या माणसांना तोंड द्यायचे असते, पक्षाच्या कार्यालयाला नाही. पण तो बांधलेला नसतो म्हणूनच त्याला गाडीत घालून नेतात, हेही खरे.

सर्वांत मोठा बदल २०१७ मध्ये झाला. सरपंच थेट लोकांतून निवडायचे ठरले. २०२० मध्ये ते रद्द झाले आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. पंतप्रधान आणि मुख्यमंत्री सभागृहाच्या पाठिंब्याने पदावर येतात, तेव्हा सभागृहच त्यांना काढू शकते. सरपंचाला मात्र गावाने निवडले. मग सात-आठ सदस्यांनी त्याला काढावे कसे? म्हणून कायद्याने दोन पायऱ्या केल्या. आधी सदस्यांच्या तीन चतुर्थांश मतांनी ठराव मंजूर व्हायचा. मग जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली विशेष ग्रामसभा, आणि तिथे गुप्त मतदानाने त्याला मान्यता मिळायची. शिवाय निवडून आल्यापासून पहिली दोन वर्षे आणि मुदत संपण्याआधीचे सहा महिने ठराव आणताच येत नाही. एकदा आणलेला पडला तर पुढची दोन वर्षे दुसरा नाही.

म्हणजे देशाच्या पंतप्रधानाला निवडून आल्याच्या दुसऱ्या महिन्यात एका मताने घालवता येते, आणि थेट निवडलेल्या सरपंचाला घालवायला सदस्यांचे तीन चतुर्थांश आणि वर सगळे गाव लागते. काही सदस्यांना हे पटत नाही. सरपंच मनमानी करतो, दोन वर्षे हात बांधून बसायचे का, असे ते म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. पण दर वर्षी सरपंच बदलणाऱ्या गावांत नळयोजना पाच-पाच वर्षे रखडलेल्या लोकांनी पाहिल्या आहेत. मनमानीला अविश्वास हाच एक उपाय नाही. मासिक सभेचे इतिवृत्त आहे, लेखापरीक्षण आहे, माहितीचा अधिकार आहे, गैरवर्तन सिद्ध झाले तर पदावरून दूर करण्याचे वेगळे ३९ वे कलम आहे. हे मार्ग वेळ खातात, म्हणून कुणी जात नाही.

विशेष ग्रामसभेत मत देणाऱ्यांनी एक गोष्ट बघून जावी. लोकसभेत खासदार बटण दाबतो, हिरवे किंवा लाल, आणि कुणी काय मत दिले ते नावानिशी नोंदले जाते. तो प्रतिनिधी आहे, त्याने काय केले ते त्याच्या मतदाराला कळलेच पाहिजे. ग्रामसभेतला मतदार कुणाचा प्रतिनिधी नाही, तो स्वतःच मालक आहे, म्हणून त्याची चिठ्ठी गुप्त. हात वर करून ‘मंजूर, मंजूर’ म्हणत कुणी मतदान उरकू पाहत असेल तर ते तिथल्या तिथे थांबवायला सांगावे आणि अध्यक्ष अधिकाऱ्यांकडे मतपत्रिका मागावी.

ठराव कायदेशीर रीतीने मंजूर झाला नाही असे ज्या सरपंचाला किंवा उपसरपंचाला वाटते, त्याला मंजुरीच्या दिवसापासून सात दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे वाद दाखल करता येतो. आठव्या दिवशी गेलात तर कागद परत येतो. नोटिशीची तारीख, सभेची सूचना कुणाला कधी मिळाली त्याची पोच, हजेरीची वही आणि मतांची मोजणी, एवढ्याच्या नकला त्याच दिवशी तहसील कचेरीतून मागून ठेवाव्यात.